एकच वळण रायनं

माझ्या बारावीच्या निकालासाठी मायने सातपुड्यातल्या तोरणमाळच्या गोरखनाथाला नवस बोलला होता. तो फेडायच्या आधी नोकरी, लग्न आणि एक मुलगी एवढं होऊन गेलं. यंदा महाशिवरात्रीच्या तोंडावर तिने सांगून टाकलं, जीपने गेलास तर मी धरणार नाही. म्हणून शहाद्याहून पायी निघालो, साधारण ५५ किलोमीटर. सोबत मामा. लोक याला जत्रा म्हणतात, पण मामा दरवर्षी चालत जातो, त्याच्यासाठी ही वारीच.

म्हसावदपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. केळी, पपई, ऊस, डांबर. रात्री राणीपूरला टेकलो. दुसऱ्या दिवशी उपास म्हणून शेवभाजी जरा जास्तच हाणली आणि रात्रभर पाणी पीत बसलो. चूक माझीच.

पहाटे घाट लागला. पळसावर पान नव्हतं, नुसती फुलं. सातपायरीला रस्ता असा वळत जातो की खाली पाहिलं तर मघाशी घाम गाळून चाललेला रस्ता पायाखालीच, हात लांब केला तर लागेल एवढ्यावर. मामा प्रत्येक वळणाला म्हणायचा, "एकच वळण रायनं, भाचा." पहिल्या तीन वेळा मी विश्वास ठेवला.

आमच्या पुढे एक पावरा आदिवासी बाई होती. पाठीला झोळीत लेकरू, हातात स्टीलचा डबा, पाय अनवाणी. ती डांबर धरायचीच नाही. वळण आलं की सरळ कड्याच्या पायवाटेला लागायची. आम्ही वळसा घालून वर पोचावं तर ती आधीच दगडावर बसलेली. वाटलं, आमची वाट पाहतेय. कसली! मागून सासू येत होती, तिच्यासाठी थांबायची. चौथ्या वळणावर तिने डब्यातलं उकडलेलं रताळं सोलून अर्धं लेकराला दिलं, अर्धं ठेवलं सासूसाठी. टाचेला भेगा, भेगांत लाल माती आणि वर चांदीचे वाळे. माझ्या पायात नवे बूट होते, आत दोन फोड. मी तिच्या पायांकडे बघतोय हे पाहून ती हसली. मग मी नजर वर केली.

माथ्यावर चढ अचानक संपतो आणि समोर यशवंत तलाव. साडेतीन हजार फुटांच्या वर एवढं पाणी, आणि आमच्या गावात होळीच्या आत विहिरी तळाला जातात. बूट काढून पाय सोडले. थंडीने फोड आधी झोंबले, मग बधिर झाले. पलीकडे ढोल वाजत होते. गुजरात, मध्य प्रदेशाकडून आलेली माणसं काठाकाठाने चुली मांडत होती. रांगेत बराच वेळ गेला, दर्शन क्षणभराचं. नारळ वाढवला, नाथपंथी नमस्कार म्हणून "आदेश" म्हटलं. मायसाठी तलावाचं पाणी बाटलीत घेतलं, जरा हिरवट होतं.

येताना जीप केली. मायची अट जाण्यापुरतीच होती, असं आम्ही ठरवलं. घाटात खालून माणसं चढतच होती, एक म्हातारबा काठी टेकून उभे. पुढे अजून पाच वळणं होती. मामाने जीपमधून मुंडकं बाहेर काढलं आणि ओरडला, "बाबा, एकच वळण रायनं!"