कळशी टेकवायच्या हाडातले रक्त

काकूंच्या उपचारांच्या काळातली वही अजून माझ्याकडे आहे. शाळेत गणिताला वापरतात तसली ती चौकटीची वही आहे आणि तिच्यात तारखेपुढे चार रकाने आखलेले आहेत: हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन. दर सोमवारी सकाळी रक्त काढले जाई, अकराच्या सुमारास रिपोर्ट हाती येई आणि त्यावरून त्या आठवड्याची किमो द्यायची की थांबायचे हे ठरे. पहिल्या सोमवारी पांढऱ्या पेशी 7,200 होत्या. पुढे त्या 5,100, 3,800, 2,700 अशा उतरत गेल्या आणि पाचव्या सोमवारी 1,900 वर आल्या. हा उतार पाहून भेटायला येणारे प्रत्येक माणूस एकच गोष्ट सांगत असे, की काकू नीट खात नाहीत म्हणून रक्त कमी होते आहे. ते खरे नव्हते, आणि त्या बोलण्याचे ओझे काकूंनी विनाकारण सोसले. मुख्यतः त्यासाठीच मी हे लिहिते आहे.

काकूंना गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला होता. रोग आजूबाजूला पसरला होता, त्यामुळे शस्त्रक्रियेचा मार्ग नव्हता. अशा वेळी जगभर जी पद्धत वापरली जाते तीच त्यांच्यासाठी ठरली. सोमवार ते शुक्रवार रोज किरणोपचार, असे 25 दिवस, आणि त्याच पाच आठवड्यांत आठवड्यातून एकदा सिसप्लॅटिन हे किमोचे औषध सलाईनमधून. त्यानंतर आतून द्यायचे किरण, म्हणजे ब्रेकीथेरपी. किरणोपचाराला आमच्याकडचे रुग्ण ‘लाईट’ म्हणतात, कोणी ‘शेक’ म्हणतात. दोन्ही उपचार एकत्र द्यावेत ही शिफारस अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने फेब्रुवारी 1999 मध्ये पाच चाचण्यांच्या आधारे केली. आपल्याकडच्या, बऱ्याच उशिरा रुग्णालयात पोहोचणाऱ्या स्त्रियांना त्याचा किती लाभ होतो, हे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने 850 स्त्रियांच्या चाचणीतून 2018 साली दाखवून दिले. तिसऱ्या टप्प्याच्या या रुग्णांत नुसत्या किरणांनी पाच वर्षांनंतर 46 टक्के स्त्रिया जिवंत होत्या, तर सिसप्लॅटिन जोडल्यावर 54 टक्के. ही आठ टक्क्यांची जोड फुकट मिळत नाही. तिच्या किमतीचा मोठा वाटा रक्त मोजते.

रक्त हाडांच्या आतल्या लाल अस्थिमज्जेत तयार होते, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. प्रौढ माणसाची मज्जा रोज सुमारे 20,000 कोटी लाल पेशी आणि त्याखेरीज हजारो कोटी पांढऱ्या पेशी व प्लेटलेट तयार करते. लहानपणी जवळजवळ सगळ्याच हाडांत लाल मज्जा असते. मोठेपणी ती कवटी, छातीचे मधले हाड, बरगड्या, पाठीचे मणके, कमरेखालची श्रोणीची हाडे आणि मांडीच्या हाडाचे वरचे टोक एवढ्यांतच उरते. त्यातही श्रोणी, तिच्या मागचे त्रिकास्थी आणि कमरेचे मणके मिळून एकूण मज्जेचा सुमारे 40 टक्के किंवा त्याहून अधिक भाग असतो. काकूंना हे समजावताना मी त्यांना कमरेवर हात ठेवायला सांगितले. विहिरीवरून येताना कळशी ज्या उंचवट्यावर टेकवायची, लेकराला कडेवर घेताना ते ज्यावर बसायचे, तेच हे हाड. मज्जेची तपासणी करायची झाली तरी डॉक्टर सुई तिथेच घालतात, कारण तिथे मज्जा भरपूर असते आणि हाड त्वचेच्या अगदी जवळ असते.

गर्भाशयमुख या हाडांच्या कड्याच्या मधोमध आहे. भोवतालच्या लसिका ग्रंथींसह त्या जागेला किरण द्यायचे, तर हाडे वाटेत येतातच. मज्जेतल्या मूळ पेशी आणि त्यांच्यापासून झपाट्याने वाढणाऱ्या पिल्लावळीतल्या पेशी सतत विभागत असतात, आणि विभागणाऱ्या पेशीला किरण सर्वांत जास्त दुखापत करतात. काही आठवड्यांतच किरणांच्या चौकटीतली, म्हणजे किरण पडतात त्या भागातली, लाल मज्जा ओसरते आणि तिची जागा पिवळी चरबी घेते. 30 ते 40 ग्रेच्या (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचे एकक) पुढे मात्रा गेली की त्या जागची मज्जा कित्येकदा पूर्ववत होत नाही, आणि या उपचारात ती 45 ते 50 ग्रेपर्यंत जाते. संपूर्ण शरीराला एकदम चार ग्रेच्या आसपास किरण लागले तर उपचारांविना निम्मी माणसे दगावतात. काकू 45 ग्रे घेऊनही रोज चालत लाईटला जात होत्या, त्याचे मोठे कारण म्हणजे ती मात्रा थोडी थोडी करून आणि शरीराच्या एकाच भागाला दिली जात होती. छाती, बरगड्या, पाठ आणि डोके यांतली मज्जा चौकटीबाहेर शाबूत होती आणि ती जास्तीचे काम करून कसर भरून काढू शकत होती.

मला स्वतःला सर्वांत उशिरा कळलेली गोष्ट इथे येते. किरण एका जागी पडतात. किमो मात्र रक्तातून सगळीकडे जाते. म्हणजे किरणांनी मज्जेचा निम्म्याच्या जवळपास भाग बंद पाडला असताना, उरलेल्या ज्या भागाने वाढीव काम करायचे, नेमक्या त्याच भागापर्यंत औषध पोहोचते. सिसप्लॅटिन पेशीच्या डीएनएच्या धाग्यांना आपसांत जखडते आणि किरणांनी झालेली मोडतोड दुरुस्त होऊ देत नाही. त्याच गुणामुळे ते गाठीवर किरणांचा परिणाम वाढवते आणि त्याच गुणामुळे मज्जेलाही बोचते. खरे तर किमोच्या इतर कित्येक औषधांच्या तुलनेत सिसप्लॅटिन मज्जेशी सौम्यपणे वागते, आणि किरणांचा जोडीदार म्हणून ते सोयीचे ठरण्याचे ते एक कारण आहे. त्याचा मोठा रोष मूत्रपिंडावर असतो, म्हणूनच वहीत क्रिएटिनिनचा रकाना होता. मूत्रपिंडाचा संबंध पुन्हा रक्ताशी येतो, कारण लाल पेशी बनवण्याचा हुकूम देणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक तिथेच तयार होते. मूत्रपिंड दुखावले की तो हुकूमही क्षीण होतो.

वहीतले रकाने एकाच वेगाने उतरत नव्हते, आणि त्यामागचे कारण पेशींच्या आयुष्यात आहे. संसर्गाशी पहिल्यांदा लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी रक्तात जेमतेम काही तास ते एखादा दिवस राहतात, प्लेटलेट आठ ते दहा दिवस टिकतात, तर लाल पेशी सुमारे 120 दिवस. म्हणून कारखाना मंदावला की त्याची बातमी पांढऱ्या पेशींत आधी, प्लेटलेटमध्ये नंतर आणि हिमोग्लोबिनमध्ये सर्वांत सावकाश कळते. लिम्फोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी मात्र या नियमाला अपवाद आहेत. त्या विभागत नसतानाही थोड्याशा किरणांनी मरतात, आणि यंत्राखालून वाहणाऱ्या रक्तातल्या लिम्फोसाइटवर रोज किरण पडत राहतात. काकूंच्या रिपोर्टात त्यांची टक्केवारी दुसऱ्याच आठवड्यात निम्म्यावर आली होती आणि पुढे वर्षभर ती पूर्ण सावरली नाही.

आता खाण्याविषयी. निदानाआधी काकूंना कित्येक महिने रक्तस्राव होत होता आणि हिमोग्लोबिन 8.6 होते. त्या वेळी लोहाची कमतरता खरीच होती. दोन बाटल्या रक्त चढवून ते 10.4 वर आणले गेले आणि मगच किरण सुरू झाले, कारण प्राणवायू कमी पोहोचलेल्या गाठीवर किरण नीट काम करत नाहीत. पण चौथ्या-पाचव्या आठवड्यात जी घसरण झाली, ती बीट, खजूर, डाळिंब आणि गूळ-शेंगदाणे कमी पडल्यामुळे झाली नव्हती. चूलच मंदावली असताना सरपण रचून उपयोग नसतो. प्रथिने आणि पुरेसा आहार शरीराला लागतोच आणि वजन राखणे महत्त्वाचे असते, पण मळमळीने तोंडाला पाणी सुटलेल्या बाईपुढे डाळिंबाचा पेला धरून ‘तू खात नाहीस म्हणून पेशी उतरल्या’ असे म्हणणे क्रूर आहे. मी तसे एकदा म्हणाले होते. कोणीतरी पपईच्या पानांचा कच्चा रसही आणून दिला होता. पांढऱ्या पेशी इतक्या उतरलेल्या असताना बाहेरून आणलेला, न शिजवलेला रस प्यायला देणे धोक्याचे असते, हे परिचारिकेने सांगितले तेव्हा आम्ही तो ओतून टाकला.

पाचव्या सोमवारी एकूण पांढऱ्या पेशी 1,900 आणि त्यांत न्यूट्रोफिल 62 टक्के, म्हणजे सुमारे 1,180 होते. पंधराशेच्या खाली म्हणून त्या आठवड्याची किमो थांबवली गेली. लाईट चालू राहिले. त्या गुरुवारी रात्री काकूंना थंडी वाजली. थर्मामीटरवर ताप 101 दाखवत होता. आम्ही पॅरासिटामॉलची गोळी दिली, ताप उतरला आणि सकाळी जाऊ असे ठरवून सगळे झोपलो. सकाळी त्यांचे न्यूट्रोफिल 450 निघाले. आठवड्याच्या सिसप्लॅटिनवर पेशी इतक्या खाली जाणे वारंवार घडत नाही, पण घडते, आणि घडले तर रात्रीचे ते आठ तास फार मोलाचे असतात. पेशी कमी असताना ताप 100.4 च्या वर गेला की ती आणीबाणी समजून, गोळीने ताप दाबून न ठेवता, ताबडतोब रुग्णालय गाठायचे असते, आणि पोहोचल्यापासून तासाभरात प्रतिजैविक शिरेतून सुरू व्हावे असा प्रयत्न असतो. लढायला पेशीच नसल्यामुळे पू होत नाही, सूज येत नाही. ताप ही बहुधा एकच खूण उरते. काकू सावरल्या, पण चार दिवस भरती राहावे लागले.

त्या चार दिवसांत मी पुन्हा पुन्हा विचारत होते, की पेशी वाढवायचे इंजेक्शन आधीच का देत नाहीत. डॉक्टरांनी शांतपणे सांगितले, की ते इंजेक्शन मज्जेतल्या पेशींना घाईने विभागायला लावते आणि त्याच दिवशी त्यांच्यावर किरण व औषध पडले तर विभागत्या पेशी आणखी मरतात. म्हणून दोन्ही उपचार एकत्र चालू असताना ते सरसकट देत नाहीत. उलट बाजूने, पेशी वर येईपर्यंत सगळेच थांबवावे असेही करता येत नाही. हा उपचार ब्रेकीथेरपीसह आठ आठवड्यांत पुरा व्हावा लागतो. तो लांबला तर प्रत्येक दिवसागणिक रोग आटोक्यात येण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास घटते, असे अभ्यासांतून दिसले आहे. सिसप्लॅटिनच्याही निदान पाच मात्रा व्हाव्यात असा प्रयत्न असतो. काकूंना चार मिळाल्या, पाचवी नऊ दिवस उशिरा, प्लेटलेट 92,000 वरून 1,24,000 वर आल्यानंतर देता आली. म्हणजे मज्जा केवळ दुष्परिणाम सोसत नसते. गाठीवर किती उपचार करता येईल, याची मर्यादाही तीच ठरवते. आता काही ठिकाणी किरणांचा आराखडा करताना श्रोणीतली मज्जा संगणकावर रेखून तिच्यावरची मात्रा जमेल तेवढी कमी ठेवतात. काकूंचे उपचार जुन्या पद्धतीच्या यंत्रावर, चार बाजूंनी सरळ किरण देऊन झाले, आणि तिथे तशी सोय नव्हती.

उपचार संपल्यावर सहा आठवड्यांनी पांढऱ्या पेशी 4,000 च्या वर आल्या आणि चार महिन्यांनी हिमोग्लोबिन 11.1 झाले. पुढे एमआरआयच्या रिपोर्टात कमरेच्या मणक्यांत आणि श्रोणीत चरबीचे बदल लिहून आले, तेव्हा घरात पुन्हा रडारड झाली. ते रोगाचे लक्षण नव्हते. किरणांच्या चौकटीतली मज्जा पिवळी पडल्याची ती खूण होती, आणि मणक्यांवर तिची वरची कड पट्टीने आखावी तशी सरळ दिसत होती. अशा उपचारानंतर काही वर्षांनी मज्जेचा किंवा रक्ताचा वेगळा कर्करोग होण्याचा धोका थोडा वाढतो. तो क्वचितच प्रत्यक्षात येतो, तरी तपासणीला गेले की साधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करायला आम्ही सांगतो.

पुढे कधी दुसऱ्या आजारासाठी पुन्हा किमोची वेळ आली, तर मज्जेचा शिल्लक साठा कमी आहे हे नव्या डॉक्टरांना माहीत असणे गरजेचे आहे, कारण औषधाची मात्रा त्यावरून ठरते. म्हणून काकूंच्या फाईलच्या पहिल्याच पानावर किरणांची एकूण मात्रा, जागा, सिसप्लॅटिनच्या पाच तारखा आणि वहीतले सर्वांत खाली गेलेले आकडे मी मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवले आहेत.