दर उतरला, कार्गो गेला

14 जून 2022. अमेरिकेत गॅसचा भाव ज्या हेन्री हब केंद्रावरून ठरतो, तिथला जुलै वायदा दर एमएमबीटीयूला (उष्णतेवरून गॅस मोजायचं एकक) 8.60 डॉलरवरून 7.20 च्या आसपास आला आणि आमच्या गॅस-खरेदीच्या डेस्कवरचा नवा सहकारी खुशीत म्हणाला, "आपला कार्गो स्वस्त झाला!" कार्गो म्हणजे जहाजभर एलएनजी, थंड करून द्रव केलेला नैसर्गिक वायू. कागदावर त्याचं बरोबरच होतं. अमेरिकी एलएनजीच्या करारांत दर बहुधा हेन्री हबच्या 115 टक्के, अधिक द्रवीकरणाचं ठरावीक शुल्क, असा असतो. वरचे 15 टक्के कशाचे, तर गॅस उणे 162 अंशांपर्यंत थंड करताना त्यातलाच काही जाळावा लागतो. म्हणजे 1.40 ची घसरण आम्हाला 1.61 ची पडत होती.

फक्त कार्गो येणार नव्हता.

टेक्सासमधल्या फ्रीपोर्टच्या द्रवीकरण प्रकल्पात 8 जूनला स्फोट झाला होता. पुढे चौकशीत कारण निघालं: पाइपच्या एका तुकड्यात एलएनजी अडकला, त्यावरची सुरक्षा झडप बंद करून ठेवलेली, बाहेरची उष्णता झिरपत राहिली, दाब चढला आणि पाइप फुटला. एका झडपेची गोष्ट! आधी तीन आठवडे म्हणाले. 14 तारखेला कळलं, अंशतः सुरू व्हायलाच 90 दिवस. प्रत्यक्षात 2023 चा फेब्रुवारी उजाडला.

हा प्रकल्प दिवसाला सुमारे 2 अब्ज घनफूट गॅस ओढायचा. तो तिथेच तुंबला, म्हणून अमेरिकेत भाव कोसळला. युरोपात गॅसचा तिथला मुख्य भाव, टीटीएफ, त्याच दिवशी उसळला. शेल खडकातून गॅस काढणाऱ्या अमेरिकी विहिरी मात्र होत्या तशाच चालू. परदेशातलं शेल म्हणजे आपल्याकडे स्वस्ताई, असं लिहिणारे विहिरी मोजतात, हा द्रवीकरणाचा अरुंद घसा मोजत नाहीत.

आमचं खरं दुखणं हेजचं, म्हणजे भाव बदलण्याच्या जोखमीवर घेतलेल्या उलट संरक्षणाचं होतं. दर बांधायला हेन्री हबच्या वायद्याचे लॉट घेतलेले. एका लॉटमध्ये 10,000 एमएमबीटीयू. 34 लाख एमएमबीटीयूच्या कार्गोला 115 टक्क्यांनी जवळपास 390 लॉट. लॉटमागे 14,000 डॉलरचा तोटा, म्हणजे एका दिवसात सुमारे 55 लाख डॉलरचा मार्जिन कॉल, तोट्यापोटी लगेच भरायचे पैसे. एरवी हा तोटा स्वस्त कार्गोत भरून निघतो. कार्गोच नसेल तर तो हेज राहत नाही, उघडा सौदा होतो. त्यात बदली कार्गो स्पॉटमधून, म्हणजे कराराबाहेर त्या वेळच्या बाजारातून, चढत्या भावाने.

लॉट 8 तारखेलाच विकायला हवे होते का? जोखीम विभाग आजही हो म्हणतो. पण तेव्हा हाती तीन आठवड्यांचा अंदाज होता आणि आमचं लोडिंग जुलैअखेरचं.