तुम्ही विचारलंत म्हणून: भुतं जपानचीच का?

ऑक्टोबर संपत आला की माझ्या फोनवर एकच प्रश्न वेगवेगळ्या नावांनी येतो. "हॅलोविनला आमच्याकडे सगळे जमतायत, तू ते जपानी भुताचे सिनेमे बघतेस ना, एखादा सांग." सांगितला की दोन दिवसांनी त्याच माणसाचा दुसरा प्रश्न येतो, जरा तक्रारीच्या सुरात: "हे असलं तुला आवडतं कसं? आणि भुतं जपानचीच का? आपल्याकडे काय कमी आहेत?"

कमी अजिबात नाहीत. मुंजा, हडळ, खवीस, झोटिंग, समंध, कोकणात उतरलं की देवचार आणि गिऱ्हा. आपल्या भुतांचं तर वय, जात, राहायचं झाड, खाण्यापिण्याच्या आवडी, सगळं ठरलेलं. माझ्या उत्तराचा अर्धा भाग त्या ठरलेपणातच आहे. पण आधी हॅलोविनचं उरकून टाकू.

जपानमध्ये भुताखेतांचा मोसम ऑक्टोबर नाही, भर उन्हाळा. ऑगस्टच्या मध्यावर, बहुतेक भागांत 13 ते 16 तारखेला, ओबोन असतो. तेव्हा पितर घरी येतात. त्यामागची कथा थेट आपल्याकडून गेलेली: बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन याला आपली मेलेली आई प्रेतयोनीत उपाशी तडफडताना दिसली आणि तिला सोडवण्यासाठी त्याने भिक्षूंना अन्नदान केलं. कित्येक जपानी घरांत अजून ओबोनला काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात आणि वांग्याला लावून गाय. पितरांनी यावं घोड्यावरून भरधाव आणि परत जावं गाईवरून, रमतगमत. आपण कावळ्याची वाट बघत गच्चीत ताटकळतो, त्यापेक्षा ही सोय मला फार आवडली.

तर भुतांच्या गोष्टी सांगायच्या त्या याच दिवसांत. कबुकीवाले, म्हणजे तिकडच्या जुन्या पारंपरिक रंगभूमीवाले, भुताची नाटकं उन्हाळ्यात लावत, आणि अंगावर काटा आला की उकाडा जरा सुसह्य होतो असं तिकडे म्हणतात. पुढे सिनेमा कंपन्यांनीही तोच मोसम धरला. हॅलोविन तिथे अलीकडचं आणि बरंचसं वेषांतराचं. टोकियोच्या शिबुयात त्या रात्री एवढी झुंबड उडायला लागली की 2019मध्ये तिथल्या प्रशासनाला त्या दिवसांत रस्त्यावर दारू पिण्याविरुद्ध नियम करावा लागला. म्हणजे हा सण त्यांचाही मूळचा नाही आणि आपलाही नाही. तेव्हा त्या रात्री कुठलंही भूत लावा, कोणाचा विटाळ होत नाही.

आता मूळ प्रश्न.

ओकिकूची गोष्ट ऐका. एका सामुराईच्या घरी ही मोलकरीण. घरात पिढीजात दहा ताटल्यांचा संच. त्यातली एक नाहीशी होते, आळ ओकिकूवर येतो, तिला मारून विहिरीत टाकतात. मग रोज रात्री विहिरीतून आवाज येतो. एक, दोन, तीन... नऊपर्यंत मोजते आणि किंकाळी फोडते. एका आवृत्तीत कोणीतरी शहाणा माणूस विहिरीपाशी दबा धरून बसतो आणि नवानंतर झटकन ओरडतो, "दहा!" हिशेब पुरा झाला. ओकिकू शांत होते, पुन्हा येत नाही. (राकुगो नावाची तिकडची बसून गोष्ट सांगायची कला आहे, तिच्यात या कथेचं विडंबनही आहे. ओकिकू बघायला रोज गर्दी होते. एका रात्री ती नवावर थांबतच नाही, अठरापर्यंत मोजते. लोक चिडून विचारतात, हे काय? तर म्हणते, सर्दी झालीय, उद्या सुट्टी घेणार आहे, म्हणून उद्याच्या आजच मोजून टाकल्या.)

ही गोष्ट कुठल्याही मराठी आजीला पटकन कळेल. कारण आपलंही भुतांशी असंच ठरलेलं असतं. काहीतरी राहून गेलेलं असतं. सोडमुंज झाली नाही म्हणून मुंजा, कोणी अन्याय केला म्हणून हडळ. राहिलेलं कार्य करा, अस्थी पाण्यात सोडा, पिंडाला कावळा शिवला की सुटलात. हिंदी सिनेमात रामसे बंधूंनी यात त्रिशूळ आणि देवळाची घंटा घातली, पण करार तोच. योग्य ते करा, भूत जातं. आपल्या भीतीला शेवट असतो, तो असा.

जपान्यांनी 1998च्या जानेवारीत हा करार मोडला. सिनेमा होता हिदेओ नाकाता यांचा 'रिंग', कोजी सुझुकी यांच्या 1991च्या कादंबरीवरचा. सिनेमा पंचवीस वर्षांहून जुना आहे, त्यामुळे शेवट सांगितला म्हणून रागावू नका. ज्यांना तरीही राग येईल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून वाचावं.

एक व्हिडिओ कॅसेट आहे. ती बघितली की फोन वाजतो आणि सातव्या दिवशी माणूस मरतो. रेको ही पत्रकार ती बघते, तिचा घटस्फोटित नवरा र्‍युजी बघतो, आणि एका पहाटे त्यांचा लहान मुलगाही बघून बसतो. दोघं शोध घेत सादाकोपर्यंत पोचतात. मनाच्या शक्तीने माणसं मारू शकणारी मुलगी, जिवंतपणी विहिरीत ढकललेली. मग एका घराखाली ती विहीर सापडते, दोघं बादल्यांनी पाणी उपसतात, रेको खाली उतरते आणि तो सांगाडा आईच्या मायेने कवटाळते. तिची मुदत टळून जाते, ती जिवंत राहते. आपण सैल होऊन बसतो. अस्थी मिळाल्या, आता कार्य होईल, झालं. आणि दुसऱ्या दिवशी र्‍युजीच्या घरातला टीव्ही आपोआप लागतो.

सादाकोला तुमच्या मायेची गरजच नव्हती. रेको वाचली ती सांगाडा बाहेर काढला म्हणून नव्हे. तिने कॅसेटची नक्कल करून दुसऱ्याला दाखवली होती, म्हणून. आता मुलाला वाचवायचं तर त्याच्याकडूनही नक्कल करवून आणखी कोणाला तरी दाखवायला हवी. सिनेमा संपतो तेव्हा रेको गाडीतून आपल्या वडिलांकडे निघालेली असते. म्हाताऱ्या बापाकडे. कशासाठी ते तुम्हाला कळलेलं असतं, आणि तिच्या जागी आपणही तेच केलं असतं हेही.

मला हे बघताना आठवली ती पोस्टकार्डं. माझ्या पिढीतल्यांना आठवतील: संतोषी मातेच्या किंवा बालाजीच्या नावाने येणारी. हे पत्र मिळताच अशी एकवीस पत्रं लिहून पाठवा. अमक्याने पाठवली, त्याला लॉटरी लागली. तमक्याने फाडून टाकलं, त्याचा मुलगा गेला. आमच्या घरी वडील देवाधर्माचे नसूनही पोस्टकार्डं आणायला जात, आणि आई ती दुपारी बसून लिहीत असे, शेजारणीला न सांगता. जपानमध्येही 1970च्या दशकात अशा 'दुर्दैवी पत्रां'ची साथ होती. सादाको त्या पत्राची वारस आहे. तिच्यापासून सुटायचं तर तिला दुसऱ्याच्या घरी पोचवायचं. आज हेच काम व्हॉट्सॅप करतं, आणि पोस्टकार्डाचे पैसेही लागत नाहीत.

एक गंमत यात राहून जायला नको. आपल्या भुतांचे पाय उलटे असतात. जपानी चित्रांतल्या भुतांना अठराव्या शतकापासून बहुधा पायच नसतात, कमरेखाली धूसर होत जातात. सादाकोला मात्र टीव्हीतून बाहेर चालत यायचं होतं, म्हणजे पाय हवेत. तेव्हा ते काम करणाऱ्या नटीला उलटं, पाठीमागे चालायला लावलं आणि चित्रण उलटं फिरवून दाखवलं. तिच्या चालीत जे काहीतरी बिनसलेलं वाटतं ना, ते हे. आपल्या आज्यांनी ती चाल लगेच ओळखली असती.

करार मोडण्याचं काम पुढे ताकाशी शिमिझु यांनी 'जु-ऑन'मध्ये (2002) आणखी निर्दयपणे केलं. एका घरात नवऱ्याने बायकोचा, कायाकोचा, खून केलेला असतो. त्या घरात जो पाऊल टाकेल तो जातो. समाजसेविका असो, पोलीस असो, शाळकरी मुली असोत. कोणी कोणाचं वाईट केलेलं नाही. आणि त्यात एक प्रसंग आहे, ज्याबद्दल मी शिमिझुंना माफ केलेलं नाही. घाबरलेली बाई अंथरुणात शिरून पांघरूण घट्ट धरून बसते. जगातल्या प्रत्येक लहान मुलाला माहीत असलेला एकमेव कायदा: पांघरुणाच्या आत भूत येत नाही. ती पांघरूण उचलून आत बघते, तर आत कायाको.

मला भीती वाटते का, असंही लोक विचारतात. हे एवढं वाचून तुम्हीच ठरवा.

पण माझा सगळ्यात आवडता यांतला एकही नाही. तो नाकाता यांचाच 'डार्क वॉटर', 2002चा. घटस्फोट चालू असलेली आई आणि सहा वर्षांची मुलगी स्वस्तातला, जुनाट इमारतीतला फ्लॅट घेतात. छताला ओल. ओलीचा डाग रोज वाढतो. वरच्या मजल्यावर कोणी राहत नाही, तरी पावलं वाजतात. ही तक्रार करते, तर मॅनेजर हं हं करतो आणि वहीत लिहूनही घेत नाही. मुलीचा ताबा मिळवायचा तर बाई मनाने खंबीर आहे हे सिद्ध करायला हवं, आणि इथे तर तिला एकच लहान मुलांची लाल बॅग पुन्हा पुन्हा सापडतेय. मुंबई-ठाण्यात पावसाळ्यात वरच्या फ्लॅटचं गळणं सोसलेल्या कोणालाही पहिला अर्धा तास भूत लागणारच नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीचीच भीती पुरे. त्यात पुढे गच्चीवरची पाण्याची टाकी येते. एवढंच सांगते. हा सिनेमा बघितल्यावर मी बरेच दिवस आमच्या टाकीचं झाकण नीट लावलंय का, हे वॉचमनला विचारत होते.

इथलं भूत एक लहान मुलगी आहे, शाळेतून न्यायला कोणी आलं नाही अशी. तिला सूड नकोय, आई हवीय. दुसऱ्याची असली तरी चालेल. या मागणीवर कुठलं कार्य करणार, कुठला मांत्रिक आणणार?

कियोशी कुरोसावा यांच्या 'काइरो'बद्दल (2001) थोडक्यात, कारण तो एकट्याने बघायचा सिनेमा आहे, जमावात नाही. इंटरनेटवरून भुतं येतात, पण मारत नाहीत. त्यांना भेटलेली माणसं हळूहळू जगणं सोडतात आणि भिंतीवर काळा डाग उरतो. त्यात एक बाई अंधाऱ्या खोलीत समोरून चालत येते आणि मध्येच तिचा तोल जातो. तेवढंच. संगीताचा दणका नाही, अंगावर उडी नाही. हॅलोविनला मुखवटा घातलेले अमेरिकी खुनी सुरा घेऊन धावत येतात ते बघून मला जांभई येते, ते या बाईमुळे. धावणाऱ्यापासून निदान पळता तरी येतं.

जुने सिनेमेही बघा, ज्यांत करार अजून शाबूत आहे. 'योत्सुया काइदान' हे 1825चं कबुकी नाटक, त्सुरुया नानबोकू यांचं. इएमॉन नावाच्या लोभी नवऱ्यामुळे विद्रूप होऊन मेलेली ओइवा, केस विंचरताना पुंजकेच्या पुंजके हातात येणारी. नोबुओ नाकागावा यांनी 1959मध्ये त्यावर केलेला सिनेमा जेमतेम सव्वा तासाचा आहे आणि त्यातल्या नवऱ्याला शेवटी जे मिळतं, ते बघून मला मनापासून बरं वाटतं. हे नाटक वा सिनेमा करणारी मंडळी आधी टोकियोतल्या ओइवाच्या देवस्थानी जाऊन नमस्कार करून येतात. न केल्यास विघ्नं येतात म्हणे. आपल्या नाटकवाल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि मासाकी कोबायाशी यांचा 'क्वाइदान', 1964चा. लाफ्काडियो हर्न या ग्रीसमध्ये जन्मून आयर्लंडमध्ये वाढलेल्या आणि पुढे जपानी झालेल्या लेखकाने जमवलेल्या गोष्टींवरचे चार भाग, एकूण तीन तास. त्यातला आंधळा होइची बिवा नावाचं तंतुवाद्य वाजवून 1185च्या समुद्रयुद्धाची गाथा गातो, आणि त्याच युद्धात बुडालेले मेलेले लोक ती ऐकायला त्याला रोज रात्री बोलावून नेतात. भिक्षू त्याला वाचवायला अंगभर बौद्ध सूत्रं लिहितात, फक्त कान विसरतात. नियम पाळला तेवढा होइची वाचतो, राहिले तेवढे कान जातात. हिशेब चोख.

तेव्हा या हॅलोविनला: दहाबारा जणं, चिवडा-वेफर आणि आरडाओरडा असेल तर 'जु-ऑन'. चारच जण असतील आणि सगळे गप्प बसणारे असतील तर 'रिंग', मूळ जपानी, सबटायटल्ससह; हॉलिवूडचा नंतर. 'क्वाइदान' एका बैठकीत संपवू नका, रोज एक गोष्ट पुरे. नवरा-बायकोत नुकतं भांडण झालं असेल तर 'योत्सुया' टाळा. आणि 'डार्क वॉटर' पावसाळ्यासाठी राखून ठेवा, छताला रंग काढून झाल्यावर.