एमआरआयच्या खोलीत बर्फ कशाला?

महिन्यातून एकदा, पेशंटची रांग लागायच्या आत, मी प्लास्टिकचा डबा आणि चुरलेल्या बर्फाची पिशवी घेऊन एमआरआय विभागात शिरतो. बाकावरचं कुणीतरी हटकतंच, "काय साहेब, आत रसवंती काढताय का?" परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

डब्यात पाण्याच्या नळ्या असतात. भोवती बर्फ आणि पाणी भरून तासभर ठेवलं की सगळं 0 अंशावर स्थिरावतं. त्या तापमानाला पाण्याचे रेणू किती पसरतात हे पक्कं ठाऊक आहे: सेकंदाला 0.0011 चौरस मिलिमीटर. आम्ही नुसतं 1.1 म्हणतो. पुण्यात मोजा नाहीतर बोस्टनला, उत्तर तेच यायला हवं. खोलीच्या तापमानाचं पाणी घेतलं तर एका अंशामागे आकडा दोन-तीन टक्के हलतो. एसीच्या भरवशावर कोण बसणार?

पेशंटच्या गाठीत आम्ही हेच मोजतो, त्याला एडीसी म्हणतात. पेशींची दाटी असली की पाण्याला हलायला जागा नसते, एडीसी कमी येतो. केमोने पेशी मेल्या की वाढतो. आता वाढ दिसली 10 टक्के आणि मशीनच 10 टक्के चुकत असेल, तर डॉक्टरांनी काय समजायचं?

चुकतं ते कडेला. मशीनमध्ये जागेगणिक चुंबकीय क्षेत्र बदलत नेणारी तारांची वेटोळी असतात, ती ग्रेडियंट कॉइल. तिचं क्षेत्र बोगद्याच्या मध्यावर सरळ चढत जातं, लांब गेलं की वाकतं. आणि एडीसीत ग्रेडियंटचा, म्हणजे त्या चढाचा, वर्ग येतो (स्वतःशीच गुणाकार), म्हणून तिथली 5 टक्क्यांची तूट इथे 10 होते. माझ्याकडे मध्यावर 1.1 येतं; तोच डबा 12 सेंटिमीटर लांब ठेवला की 1.0. कॉइलच्या आराखड्यावरून जागेगणिक दुरुस्ती करता येते, पण ती नीट चाललीय का, हे डबाच सांगतो. तोवर गाठ मध्यावर आणायची आणि केमोच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा एकाच मशीनवर मोजायची.

एकदा आमचा फ्रीज बंद पडला, तर नव्या मुलाला बर्फ आणायला पिटाळलं. स्कॅन केला तर नळ्यांच्या जागी काळी भोकं! सिग्नल पकडणारी कॉइल बदलली, केबल तपासली, तास गेला. शेवटी डबा उघडला, तर नळ्या कडक गोठलेल्या. पोराने कुल्फीवाल्याकडून बर्फ आणला होता, खडेमीठ घातलेला; मिठाने तो 0 अंशाच्याही खाली जातो. गोठलेल्या पाण्याचा सिग्नल इतका झटकन विरतो की मशीनला तो दिसतच नाही.

तेव्हापासून बर्फ मी आधी जिभेला लावून बघतो.