पेशवाईतले फोटो, म्हणे

मेणवलीचे, म्हणजे वाईजवळच्या नाना फडणवीसांच्या गावचे, फोटो घरच्या ग्रुपवर टाकले आणि आत्यापासून धाकट्या भाच्यापर्यंत सगळ्यांचं एकच: "अगदी पेशवाईतले वाटतात!" कौतुकच होतं ते, पण मला डाचलं. नाना फडणवीस गेले १३ मार्च १८०० रोजी. फोटोग्राफी जगापुढे जाहीर झाली १८३९ मध्ये. नानांचा तो उभट, सडसडीत चेहरा आपल्या ओळखीचा झाला तो प्रामुख्यानं जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारामुळे. १७९० च्या दशकात तो पुण्यात होता आणि त्यानं सवाई माधवराव आणि नानांना रंगवून ठेवलं. पेशवाईतला फोटो नावाची वस्तूच अस्तित्वात नाही. मग माझे फोटो पाहून सगळ्यांना काय आठवतं? बहुतेक सिनेमेच.

कॅमेरा आग्फा क्लिक थ्री. बडोद्याला बनायचा. एकेकाळी ज्यांच्याकडे कॅमेरा असायचा, त्यांच्याकडे बहुधा हाच असायचा. मी घेतला पुण्याच्या जुन्या बाजारात, एका रविवारी. विकणारे काका "अँटिक पीस आहे मॅडम" म्हणत होते. मी तुटलेला पट्टा दाखवला, त्यांनी तो पट्टाही अँटिक असल्याचं सांगितलं. शेवटी मधल्या कुठल्यातरी आकड्यावर जमलं. यात १२० चा रोल बसतो, चौकोनी बारा फोटो निघतात. मागच्या लाल खिडकीत आकडा दिसेपर्यंत चावी फिरवायची, की पुढचा फोटो तयार. फोकस करायची भानगड नाही, शटरचा वेग बदलायची सोय नाही. एक खूण उन्हाची, एक ढगाची, निवड फक्त तेवढीच.

एवढ्या साधनानिशी मेणवलीत काय निघू शकतं, हे कॅमेराच ठरवतो. वाईपासून गाव जेमतेम तीन किलोमीटर. १७६८ मध्ये औंधचे प्रतिनिधी भवानराव आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी ते नानांना दिलं. नानांनी इथे कृष्णेकाठी सहा चौकांचा वाडा बांधला, घाट बांधला, देवळं बांधली. वाड्यात भित्तिचित्रं आहेत, जुने लाकडी खांब आहेत, आणि अंधार आहे. क्लिक थ्रीच्या भिंगाला तिथे काहीही दिसत नाही. ढगाची खूण म्हणजे ढगाळलेली दुपार. माजघर तिच्यात बसत नाही. कॅमेरा पिशवीत टाकला आणि नुसतीच हिंडले. मेणवली दप्तर म्हणून इतिहासाच्या पुस्तकांच्या तळटीपांमध्ये जे भेटतं, ते नानांच्या कागदांचं भांडार याच वाड्यात होतं. उत्तर पेशवाईबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातलं बरंच त्या कागदांतून आलं. माझ्या रोलवर त्याचा मागमूस नाही.

घंटेचंही तसंच. मेणेश्वराच्या देवळाजवळ छोट्या घुमटीत टांगलेली ती घंटा वसईची. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या लुटीत आलेली. अंगावर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. ती मेरी टिपायची तर हातभर अंतरावर जावं लागतं, आणि हा कॅमेरा तीनेक मीटरच्या आतलं सगळं धूसर करून टाकतो. लांबून काढलेल्या फोटोत कुठल्याही शंकराच्या देवळापुढे असते तशी घंटा दिसते. तिची सगळी गोष्ट गायब.

उरला घाट. तिथे ऊन भरपूर, जागा भरपूर, आणि गर्दीही. 'स्वदेस' सिनेमाचं चित्रीकरण इथे झालं तेव्हापासून लोक "ते कुठे बसले होते?" विचारत येतात. त्या दिवशी एक प्री-वेडिंग चालू होतं. नवरदेव भाड्याच्या फेट्यात, नवरी नऊवारीत, वर ड्रोन भुणभुणतोय. फोटोग्राफर पोरगा माझ्याकडे आला: "ताई, जरा फ्रेममधून बाजूला होता का? ओल्ड लूक पाहिजे." मी झाले. मग तो पायरीवर धुणं धूत बसलेल्या मावशींकडे वळला. त्यांची निळी प्लॅस्टिकची टब, साबणाची वडी, कठड्यावर वाळत घातलेल्या चादरी, सगळं त्याला नको होतं.

मावशींनी मान वर केली नाही. "आमचा घाट हाय ह्यो. रोजचा. तूच सरक की तिकडं."

तो सरकला. मला मनातून फार बरं वाटलं, आणि लगेच जाणवलं की पहिल्या चार फोटोंत मीही हेच करत होते. गाड्या टाळल्या, खुर्च्या टाळल्या, विजेच्या तारा येऊ नयेत म्हणून खाली वाकले. तो ड्रोननं करतो ते मी आग्फानं करत होते, फक्त माझ्याकडे फेटेवाला नव्हता. तिथून पुढे मी मुद्दाम सगळं आत घेतलं. ड्रोनची पेटी, मोबाइलमध्ये डोकं घातलेली करवली, वेफर्सचं पाकीट, मावशी आणि त्यांची टब.

रोल घरीच धुतला. एफपी फोर नावाचा कृष्णधवल रोल होता. फिल्म धुवायच्या डी-७६ रसायनाला वीस अंश लागतात आणि आमच्या नळाला एप्रिलमध्ये तीस अंशांचं पाणी येतं, म्हणून बाथरूममध्ये बर्फाचं भांडं घेऊन बसायचं आणि घरच्यांनी दार वाजवत राहायचं. फिल्म वाळली, स्कॅन केली, आणि मोठी गंमत दिसली. ती निळी प्लॅस्टिकची टब करड्या रंगात चक्क तांब्याचं घंगाळं दिसते आहे. चादरी धोतरांसारख्या. कृत्रिम रेशमाची भाड्याची नऊवारी तर इतकी अस्सल, की आजीच्या पेटीतली म्हणून खपावी. मी कितीही प्रामाणिकपणे सगळं आत घेतलं तरी कृष्णधवल फिल्मनं ते जुनं करून टाकलंच. आत्यानं सगळ्यात जास्त हृदयं पाठवली ती याच फोटोवर. सबंध रोलमध्ये खोटं बोलायला तयार नसलेली वस्तू एकच, वेफर्सचं पाकीट. त्याच्यावरची अक्षरं वाचता येतात.

मावशींनी तिथेच बजावलं होतं, "काढलाय तर पाठव." फोटो छापून घेतला आणि टपालानं पाठवला. आठवड्याभरात त्यांच्या मुलाच्या फोनवरून फोन. पोचला, चांगला आलाय, देव्हाऱ्याशेजारी लावलाय.

"पर माझं लुगडं हिरवं व्हतं की गं. आन् टबबी नवीकोरी, निळी. पैसं कमी पडलं व्हतं का रंगीत काढायला?"

पुढच्या खेपेला रंगीत रोल आणायचं कबूल केलंय. तो किती महाग पडतो, हे मात्र मी त्यांना सांगितलेलं नाही.