वित्त आयोगाचा हप्ता येईल तेव्हा येईल: एका सरपंचाचा अनुभव

2021 च्या जानेवारीत आमचं पॅनेल निवडून आलं आणि मी सरपंच झाले. केंद्राकडून ग्रामपंचायतीला हप्त्याहप्त्याने निधी येतो तो वित्त आयोगाच्या शिफारशीने, आणि त्या पंधराव्या वित्त आयोगाचा काळही 2021-26. त्यामुळे 2025-26 चा आराखडा करायला बसलो तेव्हा आमची आणि आयोगाची, दोन्ही मुदती संपायला आल्या होत्या. पुढच्या, सोळाव्या आयोगाच्या अटी कशा असतील, पंचायत समितीतही कुणाला सांगता येत नव्हतं. त्यात निवडणूक लांबली तर? निवडून आलेली बॉडी नसेल तर केंद्र हा निधी सोडत नाही. 2022 पासून बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक आले आणि त्यांचा वाटा अडकला, हे डोळ्यांसमोर होतंच.

पैसे येतील की नाही यापेक्षा कधी येतील आणि कशावर खर्चता येतील, हाच खरा घोळ. पंधराव्या आयोगात 60 टक्के निधी बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायचा होता: त्यातला निम्मा पाण्यावर, निम्मा स्वच्छतेवर. 40 टक्के अबंधित, पण त्यातून पगार देता येत नव्हता. वर 2021 मध्ये पथदिव्यांची आणि पाणीयोजनेची वीजबिलंही यातूनच भरा, असा आदेश निघाला. तेव्हा सरपंचांनी आरडाओरडा केला तो रास्तच होता.

ग्रामसेवक भाऊसाहेबांनी आणि मी आधी न टळणारे खर्च लिहून काढले. शिपायाचा आणि पाणी सोडणाऱ्याचा पगार, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, मोटार जळली तर रिवाइंडिंग. हे सगळं घरपट्टी-पाणीपट्टीवर टाकलं, हप्त्याच्या भरवशावर यातलं काहीच ठेवलं नाही. या स्वनिधीतून, म्हणजे ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून, मागासवर्गीयांसाठी 15, महिला-बालकल्याणाला 10 आणि दिव्यांगांना 5 टक्के बाजूला काढावे लागतात. ते वजा करून उरलेला आकडा वाचला तर बैठकीत कुणी बोलेना.

मग घरपट्टी-पाणीपट्टीच्या थकबाकीची यादी काढली. वरची काही नावं त्याच बैठकीत बसलेली होती! यादी ग्रामसभेत वाचायची की नाही यावर जोरदार भांडण झालं. शेवटी वाचली. त्यानंतर एरवी मार्चअखेरीला होते तशी वसुली भर पावसाळ्यात झाली.

कामांच्या बाबतीत जलजीवनने, म्हणजे घरोघरी नळाच्या केंद्राच्या योजनेने, शहाणं केलं होतं. शेजारच्या गावात टाकी उभी राहिली, बिल थकलं, ठेकेदाराने माणसं काढून घेतली. पाइप अजून रस्त्याकडेला पडलेत. म्हणून खात्यात रक्कम दिसल्याशिवाय ठेकेदाराला काम सुरू करायचा कार्यारंभ आदेश द्यायचा नाही, असा ठरावच केला. गटार मात्र असं आखलं की पहिल्या हप्त्यात होईल तेवढा टप्पा स्वतंत्रपणे वापरात येईल. (मोठ्या कामाला लागणारी ई-निविदा चुकवायला तुकडे पाडले, असं एकजण चावडीवर सांगत होता. अंदाजपत्रक एकच आहे, येऊन बघावं.) मंदिरापुढचे पेव्हर ब्लॉक सगळ्यात खाली गेले. त्यावरून अजून काही घरांत मला चहा मिळत नाही.

दुसऱ्या गावांना एक सांगेन: आराखडा ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर वेळेत चढवा आणि बिलं काढायला लागणारी डीएससी, म्हणजे डिजिटल सही, चालू आहे ना, ते हप्ता यायच्या आधीच तपासा. ग्रामसेवकाची बदली झाली की नव्याची डीएससी नोंदवून मंजूर होईपर्यंत खात्यात पैसे असूनही बिल निघत नाही. आमच्याकडे भाऊसाहेबांच्या बदलीची कुणकुण लागताच त्या आठवड्यात देणी असलेली सगळी बिलं आम्ही काढून टाकली.