तुम्ही विचारलंत म्हणून: ‘माझ्या आवाजात पुस्तक चालेल का?’

जुनी पुस्तकं, कविता वाचून ध्वनिमुद्रित करायच्या आणि सगळ्यांसाठी मोफत ठेवायच्या, असं काम असतं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: “आवडेल हो करायला, पण माझा आवाज काही निवेदकासारखा नाही. चालेल?”

चालेल. घोगरा चालतो, बारीक चालतो, खानदेशी किंवा मालवणी हेलही चालतो. लिब्रिव्हॉक्स हा या कामातला जगभर पसरलेला प्रकल्प २००५ साली ह्यू मॅग्वायर यांनी माँट्रिअलमधून सुरू केला. तिथे आवाजाची परीक्षा घेतच नाहीत. मिनिटभराचा नमुना मागतात, तो माइक आणि सेटिंग तपासायला. काम परत येतं ते हक्क न पाहिल्यामुळे, खोलीमुळे, नाहीतर स्वतः न ऐकता पाठवून दिल्यामुळे.

आधी हक्क. भारतात लेखक गेल्यानंतरच्या जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. लिब्रिव्हॉक्सवर मात्र अमेरिकेचा कायदा लागतो आणि तिथे अशा जुन्या पुस्तकांना प्रकाशनापासून ९५ वर्षं. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून ‘श्यामची आई’ आपल्याकडे २०११ पासून खुली आहे. पण ती छापली गेली १९३५ साली, त्यामुळे तिथे २०३१ उजाडावं लागेल. बहिणाबाईंची गाणी त्यांच्या पश्चात १९५२ साली आली. अशा वेळी आपली साठ वर्षंही प्रकाशनापासून धरतात. कुसुमाग्रज तर २०५९ संपेपर्यंत नाहीत. हरिभाऊ आपटे, केशवसुत, बालकवी बिनघोर घ्या, पण जुनी आवृत्ती समोर ठेवून. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा, अर्थ यांचे हक्क वेगळे असतात. ज्ञानेश्वरीची ओवी सगळ्यांची. तिच्याखाली छापलेलं अलीकडचं गद्य रूपांतर त्या रूपांतरकाराचं. दृष्टिहीनांसाठी, नफा न घेता, हक्कांतली पुस्तकंही वाचता येतात. कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनं ती वाट दिली आहे. मात्र ते ध्वनिमुद्रण त्यांच्यापुरतंच ठेवायचं, यूट्यूबवर टाकायचं नाही.

खोलीबद्दल सांगायचं तर, महागडा माइक घेण्याआधी कपड्यांचं कपाट उघडा. त्याच्यासमोर बसून, पाठीमागे गोधडी टांगून वाचलंत तर साधा माइकही नीट वागतो. उघड्या भिंती आणि फरशी यांच्यामुळे येणारा घुमारा मागाहून काढता येत नाही. पंखा बंद, फ्रिज लांब, फोन एअरप्लेन मोडवर. मे महिन्यात हे पहाटेच जमतं, आणि पहाटे कोकीळ असते. तिला इलाज नाही. थांबायचं आणि वाक्य पुन्हा घ्यायचं.

माइक तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा तिरका ठेवा. प, ब यांची हवा थेट आदळली की धप्प आवाज येतो. फ, भ त्याहून वाईट, आणि मराठीत महाप्राणांना, म्हणजे ह मिसळलेल्या अशा व्यंजनांना, तोटा नाही. भरतकामाच्या रिंगवर जुना पायमोजा ताणून मध्ये धरला तरी भागतं. ब्लूटूथ इअरफोनच्या माइकवर वाचू नका, व्हॉट्सअ‍ॅपची व्हॉइस नोट तर नकोच. दोन्हीकडे आवाज इतका दाबला जातो की श आणि स एक होतात.

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. सेटिंग मोनो (एकाच वाहिनीचं), ४४.१ किलोहर्ट्‌झ. सर्वांत मोठा आवाज उणे ६ ते उणे ३ डेसिबलच्या मध्ये राहू द्या. शून्याला टेकला की फाटतो. सुरुवातीला पाच सेकंद गप्प बसा, खोलीची ती शांतता मागची सततची गुरगुर काढताना नमुना म्हणून लागते. पण गुरगुर काढायचा पर्याय बेतानं वापरा, नाहीतर माणूस हौदात बसून वाचतोय असं वाटतं. चूक झाली की टाळी वाजवा आणि वाक्य पहिल्यापासून घ्या. आलेखात टाळीचा सुळका लगेच दिसतो. शेवटी एमपी३, १२८ केबीपीएस, म्हणजे मिनिटाला साधारण १ एमबी. लिब्रिव्हॉक्सला आवाजाची सरासरी पातळी ८९ डेसिबलच्या आसपास (ही मोजपट्टी वरच्या उणे आकड्यांहून वेगळी) आणि फाइलच्या शेवटी पाच सेकंद शांतता लागते. तासाभराच्या तयार ध्वनिमुद्रणामागे तीन-चार तास धरून चाला.

पाठवण्याआधी पुस्तक समोर ठेवून पूर्ण ऐका. गाळलेली ओळ, दोनदा आलेलं वाक्य, राहून गेलेली टाळी, हे सगळं तिथेच सापडतं. तुमच्यानंतर दुसऱ्या कुणीतरीही ऐकायला हवं, कारण आपला डोळा जे वाचतो तेच आपल्या कानाला ऐकू येतं. ज्यांना वाचायचं नाही पण मदत करायची आहे, त्यांनी हे काम घ्यावं. याला माणसं कायम कमी पडतात.

आता वाचनाकडे. जुन्या पुस्तकांत ‘करणें’, ‘तें’, ‘माझें’ असं छापलेलं असतं. नवखे वाचक तो अनुस्वार हिंदीतल्या ‘में’सारखा नाकातून काढतात. तो अनुच्चारित आहे. १९६२च्या लेखननियमांनी छपाईतूनही गेला. ‘करणे’ वाचा. मात्र ‘केलें’चं ‘केलं’ करू नका. ते लेखकाच्या भाषेला हात लावणं झालं. ‘जरा’ म्हणजे थोडं की म्हातारपण, हे ज कोणता यावर ठरतं, म्हणून परिच्छेद आधी एकदा मनात वाचून घ्या.

कवितेत खरी अडचण आवाजाची नसून अक्षरांची. मोरोपंतांची केकावलीतली ओळ घ्या: ‘सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानीं पडो’. वृत्त पृथ्वी, सतरा अक्षरं, आठव्यावर यती, म्हणजे विसावा. बोलण्याच्या सवयीनं ‘सुसंगती’ म्हटलंत की ति दीर्घ होते आणि चाल अडखळते. ‘सुजन्वाक्य’ म्हटलंत की एक अक्षरच जातं; ‘सु-ज-न-वा-क्य’ ही पाचही ऐकू यायला हवीत. ‘घडो’नंतर किंचित थांबा, श्वास घेण्याइतकंही नाही. ही एक ओळ नीट जमली की पंडित कवींचे निम्मे घोटाळे आपोआप टळतात. केशवसुतांनंतरच्या कवितेत याउलट चूक होते: प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबून, अर्थ पुढच्या ओळीत जात असतानाही तो तोडायचा. तिथे विरामचिन्ह पाहा, ओळ नको.

अभंग वाचताना गाण्याचा मोह होतो. तुकारामांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण ज्या चालीत तो अभंग तुमच्या कानात बसला आहे ती बहुधा गेल्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराची असते आणि तिच्यावर हक्क असू शकतो. गायचंच असेल तर वारीतली, दिंडीतली पारंपरिक चाल घ्या.